वह्या संगणकात गेल्या म्हणून कागद जाळू नका

आरोंद्यासारख्या तेरेखोल नदीच्या काठच्या गावात दुकानाच्या पोटमाळ्यावर ठेवलेल्या बिलांच्या गठ्ठ्यांना पावसाळ्यात बुरशी धरते आणि उरलेलं वाळवी खाते. कीर्द-खतावणी, पावत्या स्कॅन करून ठेवणं म्हणूनच शहाणपणाचं आहे. मात्र त्याबद्दलच्या काही समजुती नुकसान करणाऱ्या आहेत.

सगळ्यात घातक समजूत म्हणजे स्कॅन झालं की कागदाचं काम संपलं. जीएसटी कायदा हिशेब संगणकात ठेवू देतो, हे खरं. पण सह्या असलेले करारनामे, भाडेपट्टे, खरेदीखतं यांची गोष्ट वेगळी. वाद कोर्टात गेला तर आधी मूळ कागद मागितला जातो. स्कॅन ही त्याची नक्कल. इलेक्ट्रॉनिक नोंदींना मान्यता देणारा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मृत्युपत्राला तर लागूच होत नाही. हे कागद कोरड्या पेटीत जपायलाच हवेत.

संगणकातली प्रत कोर्टात आपोआप चालते, असंही नाही. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केलं, की मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही तरतूद कलम ६३ मध्ये आहे, आणि प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्यही (फाइलवरून संगणकाने काढलेला सांकेतिक क्रमांक) द्यावं लागतं. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी ते मूल्य बदलतं. प्रमाणपत्र देताना अडायला नको म्हणून स्कॅन कोणी, कधी, कुठल्या मशीनवर केलं याची नोंद त्याच दिवशी करावी.

‘दोन-तीन वर्षांची बिलं पुरेत’ हेही चूक. जीएसटीसाठी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब ठेवावे लागतात. म्हणजे २०२३-२४ चे कागद ३१ डिसेंबर २०३० पर्यंत, आणि अपील चालू असेल तर त्याहूनही जास्त. नदीपलीकडच्या किरणपाणीहून, म्हणजे गोव्यातून, आलेल्या मालाची बिलंही यातच आली.

मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकणं म्हणजे जतन नव्हे. तिथे फोटो दाबला जातो आणि बारीक आकडे फुटतात. ३०० डीपीआयवर स्कॅन करून पीडीएफ ठेवावी. स्कॅनमधला छापील मराठी मजकूर संगणक बऱ्यापैकी वाचतो. हाताने लिहिलेल्या रोजमेळाच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नये. त्यामुळे फाइलच्या नावातच तारीख, व्यापारी आणि बिल क्रमांक घालावा.

हार्ड डिस्क दुकानातच ठेवली तर पूर आल्यावर वही आणि डिस्क दोन्ही एकदमच जातील. तेरेखोलच्याच पुराने वरच्या अंगाची बांद्याची बाजारपेठ २०१९ मध्ये पाण्याखाली गेली होती. अपघातात किंवा नैसर्गिक आपत्तीत नोंदी नष्ट झाल्या तर परत मिळवता येतील असा बॅकअप ठेवावा, हे जीएसटी नियम ५७ मध्येच सांगितलं आहे. एक प्रत क्लाउडवर आणि एक दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे असावी.

सुरुवात जुन्या वह्यांपासून करावी, असं बहुतेकांना वाटतं. खरी घाई आहे ती पेट्रोल पंपाच्या आणि कार्ड मशीनच्या गुळगुळीत पावत्यांची. थर्मल कागदावरची अक्षरं उष्णतेने आणि उजेडाने काही महिन्यांतच पुसट होऊ लागतात. या पावत्या आधी स्कॅन कराव्यात, वह्या नंतर.