रक्त कमी, पण लोह जास्त

थॅलेसेमियाच्या मुलाला घेऊन आलेले पालक आम्हाला हमखास विचारतात, "डॉक्टर, हिमोग्लोबिन सातवर आलंय, मग लोहाचं टॉनिक का देत नाही?" विचारणं स्वाभाविक आहे. रक्त कमी म्हणजे लोह कमी, हे आपण लहानपणापासून ऐकतो. इथे मात्र नेमकं उलटं असतं.

हिशेब बघा. आपलं शरीर जेवणातून रोज एक-दोन मिलिग्रॅम लोह घेतं आणि जवळपास तेवढंच गमावतं. रक्ताच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं, आणि थॅलेसेमिया मेजरमध्ये दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाहीच! ते यकृतात साठतं. पुढे हृदयात, स्वादुपिंडात आणि पीयूष ग्रंथीतही.

यकृत बिचारं कुरकुरत नाही. वर्षानुवर्षं ना पोट दुखतं, ना कावीळ होते. म्हणून लक्षणांची वाट बघायची नाही. दहा-वीस वेळा रक्त चढवून झालं किंवा फेरिटिन १००० च्या वर टिकून राहिलं, की लोह काढणारं औषध सुरू करतात. (तापातही फेरिटिन वाढतं, तेव्हा एकाच आकड्याने घाबरू नका.) यकृतातल्या लोहाचा अंदाज एमआरआयने येतो.

घरी काय दिसतं? कातडी करडी, काळपट होते. "उन्हात खेळतो ना" म्हणून आपण सोडून देतो. उंची थांबते, वयात येणं लांबतं. तहान आणि लघवी वाढली तर साखर तपासा.

यकृत निबर होऊन खचलं, की पोटात पाणी होतं, पाय सुजतात, डोळे पिवळे होतात. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा. आणखी एक खूण घरोघरी निसटते: दिवसा झोप, रात्री टक्क जागं, बोलणं असंबद्ध. अशा वेळी झोपेची गोळी अजिबात देऊ नका. तीही तातडीचीच वेळ आहे.

सोळा-सतराव्या वर्षी मुलं "काही होत नाहीये" म्हणून गोळ्या गुपचूप सोडतात. रागावू नका, आमच्याकडे आणा. औषध किंवा मात्रा बदलता येते. येताना फेरिटिनचे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून आणा. आम्हाला एक आकडा पुरत नाही, चढ दिसायला हवा.