नाण्यांवरचे पुट: काय राखावे, काय काढावे

चांदीचे नाणे काळे पडते ते गंधकामुळे. नुसत्या ऑक्सिजनची चांदीवर फारशी मात्रा चालत नाही. हवेत अत्यल्प प्रमाणात असलेला हायड्रोजन सल्फाइड वायू दमटपणाच्या साथीने चांदीशी संयोग पावतो आणि पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचे पुट चढते. सांडपाणी, कोळशाचा धूर, लोकर, रबर, हलक्या प्रतीचा पुठ्ठा ही सगळी गंधकाची उगमस्थाने. संग्राहकाने पहिल्यापासून ध्यानात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे हे पुट धुळीसारखे बाहेरून येऊन बसलेले नसते. ते नाण्याच्याच चांदीचे बनलेले असते. त्यामुळे पुट काढणे म्हणजे, थोडी का होईना, चांदी काढणे.

ही चांदी किती, याचा हिशोब ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयावरून मांडता येतो. व्हिक्टोरिया ते पंचम जॉर्ज या काळातल्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी ९१.६७ टक्के आणि बाकी तांबे. त्याच्या दोन्ही बाजूंवर १०० नॅनोमीटर जाडीचे पुट असेल तर त्यात सुमारे एक मिलीग्रॅम चांदी अडकलेली असते. काट्यावर ही घट कळतही नाही. डोळ्यांना मात्र कळते. टांकसाळीत छापाच्या दाबाखाली धातू मध्यातून कडेकडे वाहतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर उमटतात. नवे नाणे उजेडात फिरवले की चाकाच्या आऱ्यांसारखा जो प्रकाश फिरतो, तो या रेषांमुळे. बाजारात यालाच ‘लस्टर’ म्हणतात. पुट उतरवताना पहिला बळी जातो तो या रेषांचा, आणि एकदा गेलेले लस्टर कोणत्याही उपायाने परत येत नाही.

पुट पातळ असते तेव्हा ते काळे दिसत नाही. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि जाडीनुसार रंग बदलत जातो: आधी फिकट सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा, पुन्हा पिवळा-गुलाबी-हिरवा, आणि शेवटी काळा. अमेरिकेतल्या मॉर्गन डॉलरना असे इंद्रधनुषी रंग चढले ते हजार-हजार नाण्यांच्या कापडी पिशव्यांत ती अनेक दशके पडून राहिल्यामुळे. आज अशा रंगीत नाण्यांना साध्या पांढऱ्या नाण्यांपेक्षा कितीतरी जास्त दाम मिळतो. दाम आला की नक्कल आलीच. गंधकाची द्रावणे किंवा उष्णता वापरून रंग चढवले जातात. ते ओळखण्याची खूण म्हणजे वर दिलेला क्रम. नैसर्गिक रंग सहसा या क्रमाने, कडेकडून आत विरत जातो. कृत्रिम रंग मधल्या पायऱ्या गाळून एकदम भडक निळ्या-जांभळ्यावर उडी घेतो. शिवाय घासल्याच्या ओरखड्यांवर चढलेला ताजा रंग बहुधा जुनी चूक झाकण्यासाठी चढवलेला असतो.

स्वच्छतेच्या घरगुती रीती नाण्यांच्या मुळावर येतात. लक्ष्मीपूजनाला मांडलेले राणीछाप रुपये कित्येक घरांत दरवर्षी रांगोळीने वा राखेने घासले जातात, आणि ओरखड्यांच्या जाळ्यात राणीचे केस आणि मुकुट पुसट होत जातात. सराफी पेढीवर रिठ्याचे पाणी आणि पितळी तारेचा ब्रश असतो. दागिन्याला तो चालतो, नाण्याला नाही. अॅल्युमिनियमचा कागद आणि खाण्याचा सोडा हा उपाय रासायनिकदृष्ट्या चलाख आहे, कारण त्यात सल्फाइडमधली चांदी परत मोकळी होते. पण ती मूळ जागी घट्ट न बसता भुसभुशीत, निस्तेज थर होऊन राहते. आम्लात मिसळलेल्या थायोयुरियाचे तयार द्रावण पुट क्षणात विरघळवते आणि प्रत्येक बुडीसरशी लस्टर थोडे मारते. जाणकाराला धुतलेले नाणे बघताक्षणी कळते. त्याचा पांढरेपणा मेलेला असतो.

तांब्याचे गणित वेगळे. शिवराईवरचा तपकिरी-तांबडा थर क्युप्राइटचा असतो आणि त्यावरचा घट्ट, गुळगुळीत हिरवा थर मॅलाकाइटचा. हे दोन्ही थर स्थिर असून खालच्या अक्षरांना जपतात. चिंचेने घासलेली शिवराई लख्ख गुलाबी होते खरी, पण चिंचेतले आम्ल अक्षरांच्या कडाही खाते. तांब्यातले खरे दुखणे म्हणजे फिकट हिरवी, पावडरीसारखी, काडीने सहज सुटणारी पुटकुळी. खाऱ्या मातीतून किंवा घामातून आलेले क्लोराइड आत क्युप्रस क्लोराइड बनून बसते. दमट हवेत त्यापासून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते, ते नवे तांबे खाते आणि पुन्हा क्लोराइड बनते. हे चक्र आपोआप थांबत नाही. असे नाणे आधी इतरांपासून दूर, कोरड्या डबीत ठेवावे लागते. पुढचा उपचार, म्हणजे सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या द्रावणात आठवडेच्या आठवडे भिजवणे आणि नंतर बेंझोट्रायाझोलचे संरक्षण देणे, हे प्रशिक्षित संवर्धकाचे काम आहे. बेंझोट्रायाझोल विषारीही आहे.

सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांना लाकडाचे वावडे. लाकडी कपाटातून, विशेषतः नव्या लाकडातून, सुटणाऱ्या सेंद्रिय आम्लवाफांनी शिशावर पांढरी भुकटी धरते. सोने जवळजवळ निर्धास्त. मिश्रणातल्या तांब्याचे लालसर ठिपके तेवढे दिसतात.

साठवणीत सर्वाधिक नुकसान करतो तो अल्बमचा मऊ पीव्हीसी. त्यातले मऊपणा आणणारे द्रव्य झिरपून नाण्यावर हिरवट, चिकट थर धरतो. हा थर मात्र बाहेरचा असल्याने काढलाच पाहिजे: शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवून, न चोळता, ज्योतीपासून दूर आणि खेळत्या हवेत. नखांचे पॉलिश काढायचे द्रव चालत नाही, कारण त्यात तेल आणि सुगंध असतात. पॉलिएस्टरची पाकिटे, सिलिका जेलच्या पुड्या आणि नाणे कडेने धरण्याची सवय एवढ्यावर मुंबई-कोकणातला पावसाळाही निभावतो. बोटाचा ठसा धातूत कायमचा कोरला जातो. हातमोजे सुती किंवा नायट्राइलचे असावेत, कारण रबरात गंधक असते.

जमिनीतून निघालेल्या नाण्यांवरची मातीही पुरावा असते. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर क्षत्रप राजा नहपानाच्या मुद्रेवरच सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. खालच्या मुद्रेचे पुसट अवशेष वाचता आले म्हणूनच हा सत्तांतराचा दाखला हाती लागला. रांगोळीच्या दोन हातांत तो नाहीसा झाला असता. असे साठे घरी धुण्याचा प्रश्नच येऊ नये, कारण १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.