अडीच मिनिटांचे गाणे, तेरा वर्षांचे कान

आपल्या बडोद्यातील जुन्या मराठी घरांतून एक तक्रार हल्ली वारंवार कानी येते. बारा-तेरा वर्षांपर्यंत सुरेल गाणारी मुले एकाएकी गाणे सोडतात आणि खोलीचे दार लावून इंग्रजी कल्लोळ ऐकत बसतात. गेल्या वर्षी माझ्या एका शिष्येच्या आजोबांनी मला बोलावून घेतले. "मास्तर, पोरीला तेवढे समजावा," म्हणाले. मुलगी भूप, दुर्गा छान म्हणणारी. पण शिकवणीला येणे जवळजवळ थांबलेले.

मी दरबारी वादकाचा मुलगा. तंबोऱ्यांच्या जोडीत वाढलो. तरीही तिला उपदेश करण्याऐवजी मी दोन आठवडे त्याच संगीताचा पाठ दिला. तो कसा, ते इतर घरांच्याही उपयोगी पडावे म्हणून सांगतो.

आरंभ केला तो 'टीनएज किक्स' या गाण्यापासून. उत्तर आयर्लंडमधील डेरी गावच्या 'अंडरटोन्स' या पोरांच्या वृंदाने ते १९७८ साली काढले. गावात लष्कर आणि बॉम्बस्फोट; पोरे मात्र गायली ती वयात येतानाच्या ओढीवर. बीबीसीच्या जॉन पील यांना ते इतके भावले की त्यांनी ते लागोपाठ दोनदा वाजविले. गाणे जेमतेम अडीच मिनिटांचे. चाल सरळ, कोणासही गुणगुणता येईल अशी.

मग न्यूयॉर्कचे 'रॅमोन्स'. त्यांच्या १९७६ सालच्या पहिल्या तबकडीत चौदा गाणी, आणि सारी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतात! त्या काळी बडे वृंद गिटारचे लांबच लांब आलाप घेत. त्यावरचा हा उतारा. लय मिनिटाला दीडशेहून अधिक मात्रांची. सतारियाला 'दा' आणि 'रा' दोन्ही लागतात; जॉनी रॅमोनचा हात मात्र बहुतेक वरून खालीच येणारा. त्यातून तो सलग गुरगुरता नाद निघतो. वरून ऐकणाऱ्यास तो गोंधळ वाटतो. टाळी धरून बसा, ताल तसूभर हलत नाही.

पेटीवर मी तिला सा-ग-प, म-ध-सां, प-नी-रें असे तीन स्वरसंघ दाबून दाखविले. यातली कितीतरी गाणी एवढ्याच भांडवलावर उभी आहेत. १९७७ च्या सुमारास एका पत्रिकेत असेच तीन स्वरसंघ रेखाटून वाचकांना आपापला वृंद काढायला सांगितले होते. मँचेस्टरच्या 'बझकॉक्स'नी तर उसनवारीने पाचशे पौंड उभे करून त्याच वर्षी स्वतःच तबकडी काढली.

ही वृत्ती आपल्याला परकी आहे काय? सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली १८८६ साली मौलाबक्षांनी येथे गायनशाळा काढली आणि सामान्यांच्या मुलांसाठी स्वरलिपीची पुस्तके रचली. गाणे कोणी गावे, या प्रश्नाचे त्यांचे उत्तरही उदारच होते. साधना वेगळी, हे खरेच; तीन स्वरसंघांवर मारवा उभा राहत नाही. यातील काही गाण्यांची भाषाही तेरा वर्षांच्या मुलीसाठी नव्हे. ती मी वगळली.

शेवटी लॉस एंजेलिसच्या 'लिंडा लिंडाज्' या मुलींचे गाणे लावले. मे २०२१ मध्ये त्या तेथील सार्वजनिक ग्रंथालयात गायल्या, तेव्हा चौघींची वये दहा ते सोळा. एका वर्गमित्राच्या वर्णद्वेषी बोलण्यावर त्यांनी गाणेच रचले होते. ते ऐकून मुलगी हळूच म्हणाली, "सर, इथे चुकले तरी चालते. घरी पाहुण्यांसमोर गाते तेव्हा सगळे माझी चूकच मोजतात."

या वाक्यासाठी हा लेख लिहिला. मुले राग सोडत नाहीत. परीक्षेच्या धाकापासून पळतात. ती आता येते. दुर्गाही म्हणते, आणि भावाच्या गिटारवर तीन स्वरसंघही बडवते. पुढे ती काय निवडील ते तिचे तिने पाहावे.

आजी-आजोबांना एवढीच विनंती, की दार बंद दिसले तर टकटक करा, आणि तिच्या आवडीचे एक गाणे तिच्याशेजारी बसून ऐका. अडीच मिनिटांचा तर प्रश्न आहे. आपल्या बैठकीत तिने तासन् तास मांडी मोडली नव्हती.