टोकियोतील कच्ची मासळी

परिषदेच्या निमित्ताने टोकियोस जाणाऱ्या सभासदांना तेथील सुशीगृहांचे आकर्षण असते. सुशी म्हणजे कच्चा मासा, ही समजूत मात्र अपुरी आहे. सुशीचा गाभा व्हिनेगर घातलेला भात. भाताविना वाढलेले कच्च्या मासळीचे काप म्हणजे 'साशिमी'.

जपावयाचे ते 'अनिसाकिस' या कृमीपासून. त्याची दोन-तीन सेंटीमीटर लांबीची, दोऱ्यासारखी पांढरी अळी आपल्या बांगड्याच्या कुळातील 'साबा' माशात वारंवार आढळते. मासा मेल्यावर ती आतड्यांतून मांसात शिरू शकते. म्हणून जाणता आचारी मासा ताबडतोब साफ करतो. साबा मीठ व व्हिनेगर लावून वाढतात. परंतु त्याने अळी मरत नाही, वासाबीनेही नाही. (ती वासाबी तरी बहुधा हिरवा रंग दिलेली हॉर्सरॅडिशच!) उणे २० अंश सेल्सिअसला २४ तास गोठविणे किंवा ६० अंशांवर एक मिनिट शिजविणे, हे उपाय जपानचे आरोग्य मंत्रालय सांगते.

अळी जठराच्या अस्तरात रुतली की काही तासांतच पोटाच्या वरच्या भागात असह्य कळा येतात. अल्सर समजून फसगत होते. एंडोस्कोपीद्वारे चिमट्याने अळी काढताच बहुधा आराम पडतो. आतड्यातील प्रकार मात्र काही दिवसांनी प्रकटतो आणि अपेंडिसायटिसचा आभास निर्माण करतो. म्हणून परदेशाहून परतलेल्या रुग्णास कोणता मासा, कधी खाल्ला, हे अवश्य विचारावे.

शाकाहारी मंडळींना काकडीची 'कप्पामाकी' चालेल. सोबतच्या मिसो सुपात मात्र बहुधा माशाचा अर्क असतो.