ग्रोथ फॅक्टर आणि जठराचा कर्करोग: कशाला भ्यावं, कशाला नाही

केमोनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार उतरल्या की डॉक्टर कातडीखाली घ्यायचं एक इंजेक्शन लिहून देतात. चिठ्ठीवर नाव असतं फिलग्रॅस्टिम, पण वॉर्डात सगळे त्याला ‘ग्रोथ फॅक्टर’ म्हणतात. घरातलं कोणीतरी हे नाव मोबाइलवर शोधतं आणि तिथे वाचतं की ग्रोथ फॅक्टरमुळे कर्करोग वाढतो, पसरतो. मग ते इंजेक्शन फ्रीजमध्येच पडून राहतं. नेमक्या याच दिवसांत अंगात प्रतिकारशक्ती नसते आणि साधा ताप जिवावर बेतू शकतो.

ग्रोथ फॅक्टर हे कुठल्या एका पदार्थाचं नाव नाही. शरीरातल्या पेशी एकमेकींना वाढायला, विभागायला, जागा बदलायला सांगतात ते प्रथिनांमार्फत. अशी प्रथिनं अनेक आहेत आणि प्रत्येकाचा पत्ता वेगळा असतो. फिलग्रॅस्टिमचा निरोप अस्थिमज्जेला जातो: पांढऱ्या पेशी तयार करा. जठरातल्या गाठीला जोर चढतो तो ईजीएफ, एचजीएफ, व्हीईजीएफ आणि त्यांच्या भाऊबंदांच्या निरोपांवर. म्हणून डॉक्टरांनी दिलेलं ते इंजेक्शन त्यांना न विचारता टाळू नका.

बरं, ईजीएफ तरी वाईट आहे का? अजिबात नाही. स्टॅन्ली कोहेन या अमेरिकी शास्त्रज्ञाला नवजात उंदरांमध्ये एक विलक्षण गोष्ट दिसली होती. लाळग्रंथीचा अर्क टोचला की पिल्लांचे डोळे वेळेआधीच उघडत. त्या अर्कातलं प्रथिन म्हणजेच ईजीएफ. या क्षेत्रातल्या कामासाठी कोहेन आणि रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ चं नोबेल मिळालं. आपल्याही लाळेत ईजीएफ असतं. जठराचं अस्तर सतत आम्लात भिजत असतं आणि त्याचा वरचा थर काही दिवसांतच नवा होतो. ही डागडुजी अशा निरोपांशिवाय होणारच नाही.

बिघाड होतो तो निरोप घेणाऱ्या पेशीत. पेशीच्या पृष्ठभागावर रिसेप्टर असतात. एरवी निरोप पोचला, काम झालं, की रिसेप्टर शांत होतो. कर्करोगाच्या पेशीत मात्र दाराची बेल दाबलेलीच राहावी तसा हा इशारा थांबतच नाही. कधी एचईआर२ नावाच्या रिसेप्टरच्या जनुकाच्या प्रती भरमसाट वाढतात. कधी गाठ स्वतःच वाढीचं प्रथिन तयार करते आणि स्वतःच त्याला प्रतिसाद देते. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूची तर कमालच आहे. त्याचे काही वाण कॅग-ए नावाचं प्रथिन थेट पेशीच्या आत सोडतात आणि कुठलाही ग्रोथ फॅक्टर आलेला नसताना वाढीची यंत्रणा सुरू करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच या जिवाणूला कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या यादीत टाकलं. संसर्ग झालेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही हेही तितकंच खरं.

आता सर्वात घातक गैरसमजाकडे येऊ. ‘दूध, अंडी, ताकदीचं काही देऊ नका, त्यावर गाठ पोसते, उपाशी ठेवली तर आपोआप सुकेल.’ हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, पण त्याने माणूस सुकतो. गाठीला वाढीचे निरोप ताटातून मिळत नाहीत. ते तिच्या स्वतःच्या आणि शेजारच्या पेशींतून मिळतात. अन्न थांबलं की ती शरीराच्या साठ्यातून, स्नायूंमधून स्वतःची सोय करून घेते. जठराच्या कर्करोगात भूक आधीच मेलेली असते, दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं, वजन झपाट्याने उतरतं. अशा माणसाची प्रथिनं तोडली तर पुढची केमो किंवा शस्त्रक्रिया त्याला झेपत नाही. थोडं थोडं, पण दिवसातून सहा वेळा खायला द्या: मऊ खिचडी, अंडं, दही, पातळ केलेलं वरण, जे पचेल ते.

‘तुकडा काढला की पसरतो’ हीदेखील तशीच जुनी समजूत. दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यामुळे हा आजार पसरत नाही. पसरण्याची तयारी गाठीत आधीच चाललेली असते. टीजीएफ-बीटा हे प्रथिन सुरुवातीला पेशींची वाढ रोखतं, पण पुढच्या टप्प्यात तेच पेशींची एकमेकींवरची पकड सैल करायला लागतं. आजूबाजूच्या तंतुपेशी एचजीएफ सोडून त्यांना हलायला लावतात. व्हीईजीएफ नव्या रक्तवाहिन्या खेचून आणतं. मग पेशी लसिकाग्रंथींत, यकृतात, पोटाच्या आतल्या आवरणावर पोचतात. तुकडा तपासणीला गेला नाही तर गाठीत एचईआर२चा मार्ग चालू आहे का हे कळणारच नाही. गाठीच्या एका भागात एचईआर२ भरपूर आणि दुसऱ्या भागात काहीच नाही, असं जठरात अनेकदा आढळतं. म्हणून सहा ते आठ तुकडे घेण्याची शिफारस आहे. डॉक्टरांनी जास्त तुकडे घेतले तर धास्तावू नका.

शेवटचा गैरसमज आशेतून येतो: ‘आता नवीन टार्गेटेड औषध आहे, तेच द्या.’ एचईआर२ची वाढ जठराच्या कर्करोगात साधारण पाचात एकाच्या आसपास किंवा त्याहून थोड्या कमी रुग्णांत सापडते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या टोगा चाचणीत, आजार पुढे गेलेल्या अशाच रुग्णांना केमोसोबत एचईआर२ अडवणारं ट्रॅस्टुझुमॅब दिल्यावर सरासरी आयुष्य ११.१ वरून १३.८ महिन्यांवर गेलं. ज्यांच्यात एचईआर२ ठळक होतं त्यांना फायदा अधिक झाला. व्हीईजीएफचा रिसेप्टर अडवणारं रॅमुसिरुमॅबही काही महिन्यांचाच अवधी देतं. गाठ पर्यायी वाट शोधते. ईजीएफचा रिसेप्टर अडवणारी सेटुक्सिमॅब आणि पॅनिटुमुमॅब ही औषधं मोठ्या आतड्याच्या कर्करोगात उपयोगी ठरली, जठरात मात्र मोठ्या चाचण्यांत अपयशी ठरली. म्हणजे शेजाऱ्याला लागू पडलेलं औषध आपल्या माणसाला लागू पडेलच असं नाही.

तेव्हा आजार पसरलेला असेल तर उपचार ठरण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा: एचईआर२ची तपासणी झाली का? रिपोर्टवर ३+ असेल तर गाठ एचईआर२ पॉझिटिव्ह आहे. २+ असेल तर जनुकाची पुढची चाचणी करून घ्यावी लागते. ० किंवा १+ असेल तर ट्रॅस्टुझुमॅबवर पैसे घालू नका. आणि तपासलेल्या तुकड्यांचे मेणातले ब्लॉक लॅबमधून मागून घेऊन जपून ठेवा. पुढे दुसरीकडे दाखवायचं झालं किंवा नवी तपासणी करायची झाली, तर तेच लागतात.