वेदना, अफू आणि श्वासाची मोजणी

‘अफूची गोळी’ हा शब्दप्रयोग आपण आज राजकारणापासून दूरचित्रवाणी मालिकांपर्यंत कशालाही लावतो. मुंबईत मात्र ही गोळी एके काळी खरोखरीची होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत गिरणीत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना ‘बाळागोळी’ देत. तिच्यात अफू असे. मूल झोपून राही आणि आईची पाळी निभावून जाई. मात्रा किंचित वाढली की तीच झोप जीवघेणी ठरू शके. झोपलेल्या मुलाकडे नुसते पाहून ही झोप कुठली, हे सांगणे कठीण होते.

आजच्या रुग्णालयातही हा प्रश्न संपलेला नाही. मी भूलतज्ज्ञ आहे. शस्त्रक्रियागृहातल्या कामाबरोबरच अनेक वर्षे परिचारिका आणि निवासी डॉक्टर यांचे वर्ग घेते. अफूजन्य वेदनाशामकांचा, म्हणजे मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल, कोडीन या कुळातल्या औषधांचा विषय निघाला की वर्गाचे दोन तट पडतात. एका तटाला मॉर्फिनचे नाव काढले तरी धडकी भरते. दुसरा तट म्हणतो, बोटाला ऑक्सिमीटर लावलेला आहे, मग काळजी कसली? दोन्ही तटांचे मूळ एकच आहे. हे औषध श्वास नेमका कसा मंदावते, ते पुरते समजलेले नसते.

श्वासाची लय मेंदूच्या बुंध्यात, लंबमज्जेत तयार होते. त्या लयीचे केंद्र मानला जाणारा पेशींचा छोटा पुंजका शास्त्रज्ञांनी १९९१ साली दाखवून दिला. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू लागला की ही यंत्रणा श्वास वाढवते. अफूजन्य औषध वेदनेचा मार्ग ज्या ग्राहींवर बसून अडवते, तेच ग्राही या केंद्रातही असतात. त्यामुळे वेदना कमी होते तसा केंद्राचा कार्बन डायऑक्साइडला मिळणारा प्रतिसादही बोथट होतो.

इथेच गफलत होते. दम्याचा रुग्ण उठून बसतो, धडपडतो, हाका मारतो. अफूजन्य औषधाने श्वास मंदावलेल्या रुग्णाला गुदमरल्याची जाणीवच होत नाही. तो शांत असतो. जीभ मागे पडून घोरू लागतो आणि उशाशी बसलेली बायको समाधानाने म्हणते, “आज कुठे त्यांना झोप लागली!” वॉर्डातल्या सिस्टरलाही तसेच वाटू शकते. औषध दिल्यावर नव्याने सुरू झालेले जड, मध्येच तुटणारे घोरणे हे श्वासमार्ग अडत असल्याचे लक्षण असते.

आता ऑक्सिमीटर. करोनाच्या साथीत हे यंत्र घरोघरी पोचले आणि ९५च्या वरचा आकडा म्हणजे सारे ठीक, हे समीकरण मनात पक्के बसले. पण ते यंत्र रक्तातला ऑक्सिजन मोजते, श्वास नव्हे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला बहुधा ऑक्सिजनची नळी लावलेली असते. अशा वेळी मिनिटाला सहा-सात श्वासही रक्तातला ऑक्सिजन बराच वेळ टिकवून धरतात. कार्बन डायऑक्साइड मात्र बाहेर पडत नाही. नळाला पाणी येते आहे, एवढ्यावरून मोरी तुंबलेली नाही असे म्हणता येत नाही, तसेच हे. कार्बन डायऑक्साइड साचला की गुंगी वाढते, गुंगीने श्वास आणखी मंदावतो आणि ऑक्सिमीटरचा आकडा कोसळतो तेव्हा हाताशी फार थोडी मिनिटे उरलेली असतात.

हा धोका किती खरा आहे? अमेरिका, युरोप आणि आशियातल्या रुग्णालयांत झालेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. साध्या वॉर्डात अफूजन्य औषधे घेणाऱ्या १,३३५ रुग्णांचा श्वास त्यात यंत्राने सतत मोजला गेला. ४६ टक्के रुग्णांत श्वास मंदावल्याची निदान एक तरी घटना नोंदली गेली. बहुतेकांना त्यातून इजा झाली नाही. पण अधूनमधून होणाऱ्या तपासणीच्या फटीतून काय काय निसटते, ते त्यातून दिसले. २०१५ साली अमेरिकेतल्या नुकसानभरपाईच्या दाव्यांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर अशा रीतीने श्वास मंदावल्याची ९२ प्रकरणे त्यात होती. ८८ टक्के घटना पहिल्या चोवीस तासांतल्या होत्या. ६२ टक्के रुग्णांत आधी गुंगीची नोंद झालेली होती. चांगली देखरेख आणि वेळेवर प्रतिसाद असता तर ९७ टक्के घटना टाळता आल्या असत्या, असे तज्ज्ञांचे मत पडले.

यातला गुंगीचा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण गुंगी पाहायला यंत्र लागत नाही. हाक मारताच नीट बोलणारा रुग्ण ठीक असतो. बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडून ज्याचे डोळे मिटतात, त्याची पुढची मात्रा थांबवायची आणि डॉक्टरांना बोलवायचे. हलवूनही जागा होत नसेल तर ती आणीबाणी. श्वासाचेही तसेच. निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ असताना मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. ते पूर्ण मिनिटभर मोजायचे असतात. पण कुठल्याही वॉर्डातले तक्ते चाळा, बहुतेकांचा श्वास १८ किंवा २० लिहिलेला आढळेल. रात्रपाळीला एका सिस्टरवर तीस-चाळीस खाटांची जबाबदारी असेल, तर हा आकडा अंदाजाने पडतो. तो दोष एकट्या सिस्टरच्या माथी मारून भागणार नाही.

जोखीम सर्वांना सारखी नसते, हेही वर्गात पुन्हा पुन्हा सांगावे लागते. झोपेत श्वास अडण्याचा विकार, वार्धक्य, झोपेच्या गोळ्यांची जोड, ही सारी धोका वाढवतात. मूत्रपिंड अधू असेल तर मॉर्फिनपासून बनणारा एक क्रियाशील घटक शरीरात साचत जातो आणि नेहमीची मात्राही जड होते. नॅलोक्सोन हा उतारा मिनिटांत गुण देतो, पण त्याचा परिणाम साधारण अर्ध्या ते दीड तासात ओसरतो. मॉर्फिन त्याहून जास्त टिकते. म्हणून शुद्धीवर आलेल्या रुग्णाकडे पाठ फिरवली, तर तो पुन्हा गुंगीत जाऊ शकतो.

इतके ऐकल्यावर पहिला तट म्हणतो, “मॅडम, मग नकोच ते मॉर्फिन!” हे टोक तितकेच क्रूर आहे. नीमच आणि गाझीपूर इथे सरकारी अफूचे कारखाने असलेला आपला देश औषधी अफू निर्यात करतो. तरीही ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०१७ साली मांडलेल्या हिशेबानुसार वेदनाशमनासाठी लागणाऱ्या अशा औषधांपैकी गरजेच्या सुमारे चार टक्केच भारतात उपलब्ध होती. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या किचकट परवान्यांनी रुग्णालये मॉर्फिन ठेवायलाच कचरू लागली. २०१४च्या दुरुस्तीने वाट सोपी केली, पण मनातली भीती दुरुस्तीने जात नाही. कर्करोगाच्या रुग्णाला तोंडावाटे थोड्या मात्रेपासून सुरू करून वेदनेच्या मापाने वाढवत नेलेले मॉर्फिन सहसा श्वास थांबवत नाही. वेदना स्वतःच श्वासाला चेतवत असते आणि शरीरही औषधाला सरावते. ज्याने हे औषध कधी घेतलेले नाही, त्याला शिरेतून एकदम मोठी मात्रा देणे ही वेगळी गोष्ट आहे. या दोहोंतला फरक न कळल्यामुळे एकीकडे माणसे तळमळत मरतात आणि दुसरीकडे कुणी झोपेतच जातो.

सतत कार्बन डायऑक्साइड मोजणारी यंत्रे आता मिळतात, पण तालुक्याच्या रुग्णालयात ती प्रत्येक खाटेशी पोचायला वेळ लागेल. तोवर घड्याळ आहे आणि नातेवाईक आहेत. आपल्याकडे रुग्णाजवळ रात्री घरचे कुणीतरी असतेच. घोरणे बदलले, हाकेला ओ मिळेना, तर “झोपू द्या त्यांना” न म्हणता सिस्टरला उठवायचे, एवढे त्यांना औषध देतानाच सांगता येते. आम्ही वर्गात आता हे वाक्य मराठीत, मोठ्याने म्हणून घेतो.