ई-पत्र : आगंतुक की अतिथी?

जाहिरातीला पासष्टावी कला म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे जुनाच आहे. दवंडी, हस्तपत्रके, रंगवलेल्या भिंती, वृत्तपत्रे, आकाशवाणी, दूरदर्शन अशी स्थित्यंतरे पार करीत ही कला आता ई-मेलच्या रूपाने थेट आपल्या खिशात येऊन बसली आहे. अशी पत्रे आपल्याला रोज येतात आणि बहुतेक आपण न वाचताच पुसून टाकतो. मग कंपन्या ती का धाडतात? आणि कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी त्यात लक्ष का घालावे? या दोन प्रश्नांची उत्तरे यथामती देण्याचा हा प्रयत्न आहे.

या प्रकाराचा जन्मच मुळी संगणकाच्या धंद्यात झाला. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीच्या गॅरी थ्यूर्क या विक्री-अधिकाऱ्याने आपल्या नव्या संगणकाचे प्रात्यक्षिक पाहायला या, असे निमंत्रण ‘अर्पानेट’वरील सुमारे चारशे जणांना एकदम पाठवले. लोक संतापले, तक्रारी झाल्या. पण संगणकही खपले, असे थ्यूर्कने पुढे सांगितले. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. पुढच्याच वर्षी अमेरिकेत सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ‘हॉटमेल’ सुरू केले. तेथून निघणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी ‘तुम्हीही मोफत ई-मेल घ्या’ अशा अर्थाची एक ओळ असे. त्या ओळीने लक्षावधी ग्राहक मिळवले आणि १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. एका पत्राने लोक चिडले, दुसऱ्याने जोडले गेले. असे का व्हावे?

हा भेद मला आमच्या नवी मुंबईतच नीट उमगला. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, तेव्हा ठाणे-बेलापूर पट्टा ओळखला जाई तो कारखान्यांसाठी. आज त्याच पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे येथे सॉफ्टवेअर कंपन्या आणि माहिती साठवणारी प्रचंड केंद्रे उभी आहेत. मोठ्यांच्या सावलीत दहा-बारा माणसांच्या लहान कंपन्याही आहेत. अशाच एका कंपनीत मी कॉलेज सुटल्यावर पत्रांचा मजकूर लिहिण्याचे काम करते. गृहनिर्माण सोसायट्यांचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर ही कंपनी बनवते.

आता साबणाची वडी माणूस दुकानात उभ्या-उभ्या घेतो. हिशेबाचे सॉफ्टवेअर तसे घेत नाही. सोसायटीचे खजिनदार आधी महिनाभर ते फुकट वापरून पाहतात, सेक्रेटरींना दाखवतात, मग विषय कमिटीच्या सभेत जातो. या महिनाभरात त्यांचा हात धरणारे कोणी हवे. ते काम पत्र करते. नाव नोंदवताच पहिले पत्र जाते : सभासदांची यादी कशी भरावी. तिसऱ्या दिवशी दुसरे : पहिले बिल कसे काढावे. दहाव्या दिवशी बँकेच्या खात्याशी मेळ घालण्याविषयी, आणि पंचविसाव्या दिवशी मुदत संपत असल्याची आठवण. संगणक ही पत्रे ठरल्या दिवशी आपोआप धाडतो. पण त्यातील शब्द माणसालाच लिहावे लागतात. शिवाय पत्र पुढे पाठवता येते, आणि सभेत वाचूनही दाखवता येते.

पत्र वाचले गेले की नाही, हे कळावे म्हणून त्यात डोळ्यांना न दिसणारे एक इवले चित्र दडवण्याची रीत आहे. पत्र उघडले की ते चित्र मागवले जाते आणि पाठवणाऱ्याकडे नोंद होते. २०२१ पासून ॲपल कंपनीने अशी चित्रे आधीच उतरवून घेण्याची सोय दिली, त्यामुळे या मोजणीवरचा भरवसा उडाला. आता खरी पारख म्हणजे वाचकाचे उत्तर.

मध्यंतरी एका दलालाने आमच्या मालकांपुढे वीस हजार पत्त्यांची यादी विकायला ठेवली. ‘एवढ्यांतून शंभर जरी लागले तरी पुष्कळ!’ असे त्याचे गणित. कार्यालयात बराच खल झाला. धंदा मंदावला होता आणि यादी स्वस्त होती. पण मालकांनी नकार दिला. कारण समजून घेण्याजोगे आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी घाऊक पत्रे पाठवणाऱ्यांवर बंधने घातली. पत्र खरोखर त्याच कंपनीचे आहे, याची तांत्रिक खूण हवी. नको असलेली पत्रे एका कळीसरशी बंद करता यावीत. आणि तक्रारी हजारी तीनपर्यंत पोहोचता कामा नयेत. ही मर्यादा ओलांडली तर त्या कंपनीची पुढची पत्रे कचऱ्याच्या पेटीत पडू लागतात. आमच्या कंपनीच्या नावानेच सोसायट्यांची मासिक बिले सभासदांना जातात. अनोळखी माणसांना छळल्याची शिक्षा त्या बिलांना भोगावी लागली असती. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे.

आपल्या देशाच्या कायद्यानेही हेच तत्त्व मानले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानुसार संमती मोकळेपणाने व समजून दिलेली असावी, आणि ती देणे जितके सोपे तितकेच काढून घेणेही सोपे असावे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचता आली पाहिजे, असेही तो सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अंमलबजावणीचे टप्पे ठरले.

मित्रहो, येथे आपला संबंध येतो. ती सूचना मराठीत लिहायची कोणी? सत्तरी ओलांडलेल्या खजिनदारांना एका वाचनात कळेल आणि त्यांचा आबही राखेल, असे चार ओळींचे पत्र कोणी लिहायचे? यंत्र वीस हजार पत्रे क्षणात धाडील, हवा तर मजकूरही जुळवून देईल. पण समोरच्याला काय हवे आणि कोठे थांबावे, हे ठरवणे माणसाचेच काम आहे. भाषेच्या वर्गात आपण शब्दाचे औचित्य शिकतो, ते परीक्षेपुरते नव्हे. न बोलावता घरात शिरतो तो आगंतुक. विचारून येतो, कामाचे बोलतो आणि ‘पुरे’ म्हणताच उठतो, तो अतिथी. धंद्याच्या पत्रालाही हाच न्याय लागू आहे. असे पत्र लिहिणारा हात कला शाखेत घडू शकतो, ही जाणीव आपण बाळगली तरी पुष्कळ झाले.